वस्तरा हातात घेण्याआधी...

‘स्कायफॉल’मधला तो सीन आठवतोय? २०१२ चा बाँडपट. मकाऊमधल्या हॉटेलची खोली, तोंडाला फेस लावलेला जेम्स बाँड आणि त्याच्या गळ्यावर वस्तरा धरून असलेली मनीपेनी. सीन रोमँटिक आहे, पण आपला श्वास अडकतो तो त्या पात्यामुळे. हात एवढासा हलला तर?

हाच वस्तरा सध्या होस्टेलच्या बाथरूममध्ये पोहोचलाय. पाच-पाच पात्यांचे महागडे रेझर आणि गुरगुरणारे ट्रिमर सोडून आजोबांच्या काळातल्या पद्धतीनं दाढी करायची, ही हौस आपल्या वयाच्या बऱ्याच मुलांना लागलीय. कुणाला त्यातला ‘विंटेज’ फील आवडतो, कुणाला प्लॅस्टिकचा कचरा नको असतो, तर कुणाला सकाळची दहा मिनिटं मोबाइलशिवाय हवी असतात. मीही गेले काही महिने शिकतोय. माझा क्लास भरतो एका मित्राच्या वडिलांच्या सलूनमध्ये, सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत.

स्वतःची दाढी स्वतः करणं ही गोष्टही वाटते तेवढी जुनी नाही. १७६९-७० च्या सुमारास झाँ-झाक पेरे नावाच्या पॅरिसच्या कारागिरानं एक अख्खं पुस्तक लिहिलं, विषय होता ‘स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला’. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीही लोकांना हा प्रश्न पडत होताच. सुताराच्या रंध्याला जसं पातं लाकडात बसवलेलं असतं, तसा वस्तऱ्याला लाकडी आडोसा द्यायची कल्पनाही त्याचीच. वस्तरा खऱ्या अर्थानं मागे पडला तो किंग कॅम्प जिलेटमुळे. बाटल्यांची झाकणं विकणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या या सेल्समनला वाटलं, झाकणासारखंच वापरून फेकायचं ब्लेड का नको? १९०४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं सैनिकांना लाखो सेफ्टी रेझर वाटले. ते घरी परतले ते ही सवय घेऊनच.

आधी ठरवा, कुठला?

दुकानात किंवा ऑनलाइन ‘वस्तरा’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिला खरा, अखंड पात्याचा वस्तरा. जर्मनीतलं झोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफिल्ड ही गावं यासाठी जगभर ओळखली जातात. याला चांगले काही हजार मोजावे लागतात. शिवाय प्रत्येक दाढीआधी तो चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो आणि अधूनमधून दगडावर धार लावून घ्यावी लागते. नीट सांभाळला तर तो तुमच्या नातवापर्यंत टिकेल.

दुसरा आपल्या सलूनमध्ये दिसतो तो. नेहमीचं दुधारी ब्लेड मधोमध तोडायचं आणि अर्धा तुकडा वस्तऱ्यात सरकवायचा. ब्लेड दोन-चार रुपयांचं, पट्टा नको, दगड नको. म्हणून सगळे नवशिके यालाच हात घालतात. गंमत अशी की शिकायला हाच जास्त अवघड आहे. अखंड पात्याला वजन असतं, त्या वजनावरच ते चालतं. अर्धं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं. ते हलकं आणि प्रचंड धारदार असतं, आणि हाताच्या चुकीला अजिबात माफी देत नाही. पण ताजी धार दर वेळी मिळते आणि खर्च कमी, म्हणून विद्यार्थ्यांच्या खिशाला तोच परवडतो. अखंड पात्याचा घेणार असाल तर गोल टोकाचा घ्या. चौकोनी टोक कानाजवळ आणि नाकाखाली हमखास टोचतं.

बिनपाण्यानं नको

‘बिनपाण्यानं करणं’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. कोरडा केस टणक असतो. पाणी शोषलं की तो मऊ पडतो आणि सहज कापला जातो. त्यामुळे आंघोळीनंतर लगेच दाढी करणं सगळ्यात उत्तम. नाहीतर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. मग ब्रशनं फेस. डब्यातून फुसकन निघणारा फोम दिसायला भरपूर, पण त्यात हवाच जास्त. साबण किंवा क्रीम थोडं थोडं पाणी घेत ब्रशनं घोळवलं की दाट, ओलसर फेस होतो. पातं त्याच्यावरून घसरलं पाहिजे.

अजून वस्तरा उचलायचा नाही! त्याआधी आरशात बघून, चेहऱ्यावर बोटं फिरवून केस कुठल्या दिशेनं वाढतात ते पाहा. गालावर ते साधारण खाली जातात, पण मानेवर काहींचे वर, काहींचे आडवे, काहींचे चक्क भोवऱ्यासारखे. ही दिशा कळली की अर्धं काम झालं.

काकांनी मला पहिले काही दिवस चेहऱ्याला हातच लावू दिला नाही. फुगवलेल्या फुग्यावर फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो खरवडून काढायचा. फुगा फुटला नाही तर तुम्ही दाब देत नाही आहात. हा सराव घरी कुणालाही करता येईल. आई दचकेल, तेवढं सांभाळा.

आता वस्तरा

- पकड : तीन बोटं पात्याच्या मागच्या दांड्यावर, अंगठा खालून, करंगळी शेपटीवर. मूठ आवळायची नाही.
- कोन : पातं त्वचेवर सपाट ठेवा आणि मग पाठ थोडी उचला. साधारण ३० अंश. फार उभं धरलं तर कापेल, फार आडवं धरलं तर केस ओढले जातील.
- ताण : दुसऱ्या हातानं त्वचा ताणून धरा. दाढी चांगली होते ती खरं तर या रिकाम्या हातामुळे.
- दिशा : पहिल्यांदा केसांच्या वाढीच्याच दिशेनं. इंचभराचे छोटे फटके. पातं नेहमी धारेच्या काटकोनात पुढे न्यायचं. भाजी चिरताना सुरी सरकवतो तसं आडवं सरकलं की जखम ठरलेली.
- दाब : शून्य.

पहिल्या दिवशी फक्त कल्ल्याखालचा गाल करा, दोन्ही बाजूंचा. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरनं उरका. चार-पाच वेळा गाल जमला की जबडा, मग मान आणि सगळ्यात शेवटी हनुवटी आणि मिशीची जागा. तिथे वळणं जास्त, जागा कमी. कंठमण्यावर थेट पातं चालवू नका, त्वचा हलकेच बाजूला ओढून सपाट भागावर घ्या. उलटी दाढी, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेनं, पहिले काही आठवडे विसराच. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना तर उलट्या दाढीनं केस त्वचेत आत वळून पुटकुळ्या येण्याचा त्रास होतो.

पेपरच्या दिवशी, घाईत किंवा झोप झाली नसेल तेव्हा वस्तरा नको. चेहऱ्यावर भरपूर पिंपल्स असतील, रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील किंवा जखमा लवकर भरत नसतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. दाढी झाल्यावर गार पाणी आणि ओली तुरटी. चिमुकला काप गेला असेल तर तुरटीनं रक्त थांबतं. जास्त झोंबली, तर हात जड पडतोय असं समजा.

रूममेटला द्यायचा नाही!

होस्टेलवर चार्जर, शर्ट, नोट्स सगळं शेअर होतं. वस्तरा आणि ब्लेड नाही म्हणजे नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, आणि तो पसरायला डोळ्यांना न दिसणारं रक्तही पुरतं. एकच वस्तरा दिवसभर सगळ्यांवर चालवण्याची पद्धत सलूनमधून गेली आणि दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड आलं, त्यामागे एचआयव्ही आणि हिपॅटायटिसबद्दलची ही जागरूकताच आहे. त्यामुळे सलूनमध्ये ‘नवीन ब्लेड लावा’ म्हणताना लाजू नका.

आणि वापरलेलं ब्लेड? ते सुटं कचऱ्यात टाकलं तर उद्या सकाळी कुणा सफाई कामगाराच्या हातात घुसणार. एखाद्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडा, वापरलेली ब्लेड त्यात टाकत जा. डबा भरायला वर्ष लागेल. भरला की चिकटपट्टीनं बंद करून, वर ठळक अक्षरात लिहून वेगळा द्या.

हौस आणि धंदा

इथवर सगळं ‘हाऊ टू’ झालं. पण सलूनमध्ये शिकताना मित्र एकदा जे बोलला, ते कुठल्याच व्हिडिओत सापडलं नाही. तो इंजिनीअरिंगला आहे. वस्तरा लहानपणापासून डोळ्यांसमोर, पण त्यानं तो कधी हातात घेतला नाही. का, असं विचारल्यावर म्हणाला, ‘‘तू शिकलास तर हौस. मी शिकलो तर लोक म्हणणार, शेवटी धंद्यावरच आला.’’

यावर मला काही सुचलं नाही. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक न्हावी. वर्षभर अख्ख्या गावाच्या दाढ्या करायच्या आणि सुगीत धान्याचा वाटा घ्यायचा. कौशल्य गावाला लागायचं, पण मान? आजही कुणाचा पाणउतारा झाला की आपण सहज म्हणतो, ‘त्याची हजामत झाली’. कॉलेजच्या ग्रुपवर तर हे रोज चालतं. त्याच हजामतीच्या अवजारांची रूपकं घेऊन संत सेना महाराजांनी अभंग रचले. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं याच समाजातल्या कारागिरांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवलं. हातातलं अवजार कुणावर चालवायचं नाही, हे ठरवणं म्हणजे केवढी हिंमत! शाळेत हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

आता तोच वस्तरा लाकडी पेटीत, चामड्याच्या पट्ट्यासह ‘जंटलमन्स किट’ म्हणून विकला जातो आणि आपण तो अभिमानानं स्टोरीला टाकतो. टाकूया की! हौस वाईट नाही. फक्त ज्या हातांनी हे कौशल्य इतकी वर्षं जपलं, त्यांनाही तोच अभिमान मिळाला पाहिजे. काका एका तासात चार दाढ्या करतात. गिऱ्हाईक मोबाइलवर बोलत असतं, मान हलवत असतं, हसत असतं, आणि पातं कंठमण्यावरून सुखरूप जातं. गालाचा एक इंच जमवायला स्वतःला किती दिवस लागतात हे कळलं, की त्या मनगटाची किंमत समजते.

तर, शिकायचं असेल तर ऑनलाइन किट मागवण्याआधी जवळच्या सलूनमध्ये जा. खुर्चीत बसल्यावर मोबाइल खिशात ठेवा आणि आरशात स्वतःकडे न बघता त्या हाताकडे बघा. कोन, ताण, फटका, सगळं तिथे दिसेल. मग विचारा, ‘‘काका, मला शिकवाल का?’’ आणि हो, शिकवणीची फी द्या. गिटारच्या क्लासला देतोच की आपण.