वडगांवचा तह आणि परराष्ट्रसंबंधांची एम्. ए.

लोणावळ्याहून पुण्यास जाणारी लोकल वडगांव स्टेशनावर थांबते, तेव्हां डब्यांतील कॉलेजविद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांचें लक्ष बाहेर जातें. वस्तुतः ज्यास आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन एम्. ए. व्हावयाचें आहे, त्याचा अभ्यास त्या फलाटावरूनच सुरू होऊं शकेल.

इ. स. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांस पुण्याच्या सत्तेवर बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून मावळांत शिरली. मराठ्यांनीं तिची रसद तोडली, तळेगांव जाळून ओस केलें आणि माघार घेणाऱ्या फौजेस वडगांवीं कोंडलें. जानेवारी १७७९ मध्यें तेथें तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख इंग्रजांनीं परत करावा, असें त्यांत ठरलें. परंतु कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जनें तो मानला नाहीं. मुंबईकरांस असा तह करण्याचा अधिकारच नव्हता, असें त्याचें म्हणणें. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टानें युद्ध व तह या बाबतींत मुंबई बव्हंशीं कलकत्त्याच्या अंकित केली होती, हें खरें. पण फौज सुखरूप परतल्यावर तें कलम पुढें करावें, यांतली सोय लपत नाहीं. युद्ध पुन्हां पेटलें, तें १७८२ सालीं सालबाईच्या तहानें मिटलें.

सही करणाराचा अधिकार कोणता? धाकानें केलेला करार बंधनकारक कीं नाहीं? तहांविषयींच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचीं सातवें व बावन्नावें हीं कलमें याच प्रश्नांसंबंधीं आहेत.

या विषयाचें पहिलें अध्यासन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथें स्थापन झालें. दिल्लींत १९५५ सालीं निघालेली संस्था १९७० मध्यें जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विलीन झाली. त्या विद्यापीठांतील एम्. ए. चा प्रवेश २०२२ पासून सामायिक प्रवेशपरीक्षेनें होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षांत असतांनाच अर्ज करतां येतो. निकालाची वाट पाहत बसणाराची मुदत टळून जाते आणि वर्ष फुकट जातें. सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांत हा विषय राज्यशास्त्राच्या एम्. ए. मध्यें शिकविला जातो. परदेशीं विद्यापीठें बहुधा हेतुपत्र व अध्यापकांचीं शिफारसपत्रें मागतात. जगांत शांतता नांदावी, असें लिहिणारे उमेदवार पुष्कळ. वडगांवच्या सहीचा प्रश्न नीट मांडणारा त्यांत उठून दिसेल.

एम्. ए. झालें म्हणजे मुलगी वकिलातींत लागलीच, असा समज कांहीं घरांत असतो. परराष्ट्रसेवेची वाट संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंतून जाते आणि तीस कोणत्याहि शाखेची साधी पदवी पुरते. फी भरण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें जाणून घेणें बरें.

अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा, चार सत्रांचा. पहिलीं सत्रें सिद्धान्त, इतिहास व अर्थकारण यांत जातात. खरी कसोटी शेवटच्या प्रबंधाची. विषय ठरविण्यांतच महिने घालवून पुढें धांवपळ करणारे विद्यार्थी कमी नाहींत. वडगांवचा तह घेणारास पुण्याचें पेशवे दप्तर जवळच आहे. मात्र तेथील कागद मोडींत आहेत, आणि मोडी चौथ्या सत्रांत शिकूं म्हटल्यास वेळ उरत नाहीं. तिचे धडे पहिल्याच सत्रांत घ्यावे लागतात.