काळोखातील जागल्या

पूर्वी गावोगावी रात्री जागल्या फिरत असे. सारे गाव झोपले म्हणून जागल्याही झोपी जाऊ लागला, तर त्याचा उपयोग काय? विजेच्या वितरणात आज हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे.

वीज गेली की कोणी तरी कचेरीत वर्दी द्यावी आणि लाइनमनने खांबामागून खांब तपासत जावे, ही आपली जुनी रीत. केंद्र सरकारने २०२१ साली हाती घेतलेल्या योजनेत सुमारे २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठरले. हा मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर टिपून कचेरीस कळवितो. काही मीटर थेट मोबाइलच्या जाळ्यातून बोलतात. इतरांचा आवाज मात्र लहान असतो. एक मीटर आपला बिनतारी निरोप शेजारच्या मीटरला देतो, तो पुढच्याला, आणि असा हातोहात तो खांबावरील एका पेटीपर्यंत पोहोचतो. या पेटीस ॲक्सेस पॉइंट म्हणतात. शेकडो मीटरांचे निरोप गोळा करून ती ते कचेरीस धाडते.

आता वीज गेली असे समजा. मीटरमधील धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, थोडीशी ऊर्जा शिल्लक असते. तेवढ्या काही क्षणांत तो ‘माझी वीज गेली’ एवढेच सांगून गप्प होतो. अभियंते या निरोपाला ‘अखेरचा श्वास’ म्हणतात. परंतु खांबावरील पेटीही त्याच तारेवर जगत असेल, तर तो निरोप ऐकावयास कानच उरत नाही! म्हणून पेटीत बॅटरी ठेवतात. तिच्या बळावर पेटी पुढे काही तास जागी राहते.

याचा लाभ मोठा आहे. एकाच मीटरचा निरोप आला, तर दोष बहुधा त्या घरापुरता असतो. एका रोहित्राखालच्या अनेक मीटरांचे निरोप एकदम आले, तर शोध रोहित्रापासून सुरू करता येतो. दुरुस्तीनंतर कोणती आळी अजून अंधारात राहिली, तेही कळते.

मात्र बॅटरीलाही मर्यादा आहेत. उष्णता तिची वैरीण. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ठोकताळा आहे. विदर्भातील वैशाखात लोखंडी पेटीची काय दशा होत असेल, हे सांगावयास नको. पेटी जागी असूनही मोबाइलचा मनोरा निजला, तरी निरोप अडतोच. आणि २०१९ च्या फनी वादळात ओडिशात झाले तसे खांबच आडवे झाले, तर बॅटरी तरी काय करणार?

आणखी एक सावधगिरी हवी. मीटर गप्प आहे म्हणून तार निर्जीव आहे, असे लाइनमनने कधीही मानू नये. तार तपासून आणि जमिनीशी जोडूनच तिला हात लावावयाचा, हा नियम कायम आहे. जागल्या हाक देतो; पण दाराची कडी आपली आपणच पाहावी लागते.