छाती धडधडते, घाम फुटतो... शुगर लो झाली की जीव घाबरा झाला?

हुडकेश्वर (नागपूर) : दुपारचे चार वाजलेले. घरची बाई भांडी आवरता आवरता मटकन खाली बसते. छाती धडधड, हात थरथर, अंगाला दरदरून घाम. शेजारीण धावत येते, "शुगर लो झाली वाटते, साखरपाणी द्या हिला." साखरपाणी पोटात जातं, पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटतं. झालं, निदान पक्कं! त्या दिवसापासून पर्समध्ये चॉकलेट आणि घरात ग्लुकोजचा डबा.

हुडकेश्वरच्या ले-आउटमध्ये काय किंवा उमरेड रोडवरच्या गावांत काय, असा प्रसंग तुम्हीही पाहिला असेल. प्रश्न एवढाच, की त्या वेळी तिची शुगर कुणी मोजली होती का?

शुगर खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडतं. मग शरीर अॅड्रेनालिन नावाचं रसायन रक्तात सोडतं. ते लिव्हरला सांगतं, साठवलेली साखर बाहेर काढ. पण त्याच रसायनानं छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो. आता गंमत पाहा. वावरात पायाजवळ साप दिसला तरी शरीर हेच रसायन सोडते. आणि सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, पोराची नोकरी या काळजीनं मन महिनोन् महिने ताणलेलं असलं, तर साप नसतानाही सोडते. भोंगा एकच, आग मात्र वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणून "काही नाही, मनाचे खेळ आहेत" असं म्हणणंही चूकच. त्रास खरा असतो, फक्त त्याचं कारण साखर नसते.

साखरपाण्यानं बरं वाटलं म्हणजे शुगरच लो होती, हाही पुरावा नाही. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात आपोआप उतरतो. तोवर साखरपाणी पिऊन झालेलं असतं, श्रेय त्याला मिळतं.

हा घोळ आजचा नाही. अमेरिकेत पन्नासेक वर्षांपूर्वी थकवा, चिंता, धडधड या सगळ्याचं खापर 'लो शुगर'वर फोडायची टूमच निघाली होती. शेवटी १९७३ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या तीन मोठ्या संघटनांना एकत्र पत्रक काढून सांगावं लागलं, की बहुतेकांना हा आजार नाही. खरं तर कसोटी १९३८ पासून ठरलेली आहे. व्हिपल नावाच्या सर्जननं तीन अटी घातल्या होत्या : लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली शुगर कमी हवी, आणि शुगर वाढल्यावर लक्षणं जायला हवीत. आपल्याकडे पहिली आणि तिसरी पाहतात. मधली राहून जाते.

म्हणून त्रास सुरू असतानाच मशीन लावा. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये उपाशीपोटी तपासून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ग्लुकोमीटर शेजाऱ्याचा चालेल, पण सुई नवीनच हवी. बोट धुऊन पुसून घ्या. गूळ-साखरेचा हात असला तर आकडा खोटा वाढतो. डायबेटिसच्या पेशंटमध्ये ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर.

खरा धोका कुणाला? इन्सुलिन घेणाऱ्यांना, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांपैकी गोळी चालू असणाऱ्यांना. गोळीच्या पाकिटावर नाव वाचा, नाही समजलं तर मेडिकलवाल्याला विचारा. नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर सहसा लो होत नाही. गोळी घेतली आणि एकादशीचा उपास धरला, किंवा वावरात जेवण राहून गेलं, की नेमकं तेव्हा होते. अशा माणसाला "भेव नको, झोप थोडा" म्हणून झोपवणं जिवावर बेतू शकतं. त्याच्यासाठी मशीन हाताशी नसेल तर वाट पाहू नका, तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमी असेल तर पुन्हा द्या, मग जेवू घाला. या गोळ्यांनी उतरलेली शुगर काही तासांनी परत उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बोलणं बरळू लागलं, गिळता येईना किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडात काहीच घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

ज्याला डायबेटिस नाही, त्याची शुगर एकवेळच्या उपासानं अशी पडत नाही; लिव्हर सांभाळून घेते. उपाशीपोटी जास्त दारू, लिव्हर-किडनीचा मोठा आजार, पोटाचं ऑपरेशन अशी कारणं असली तर गोष्ट वेगळी. आणखी एक : ज्यांची शुगर वर्षभर ३०० च्या घरात होती, त्यांना औषधानं १२० वर आली तरी सुरुवातीला 'लो'सारखं वाटतं. तेवढ्यावरून गोळी बंद करू नका.

घबराटीत बहुधा श्वास पुरत नाही, तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, 'आता मी मरतो' असं वाटतं. पण लक्षणांवर पैज लावू नका, आकडा पाहा. छातीत दाब, हात-जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ना साखर ना मशीन, सरळ दवाखाना. डायबेटिसवाल्याला तर न दुखताही, नुसत्या घामानं हार्ट अटॅक येऊ शकतो. आणि फवारणी करून आल्यावर घाम, लाळ, थरथर सुरू झाली तर तो विषबाधेचा प्रकार समजा. २०१७ चं यवतमाळ विदर्भ विसरलेला नाही. कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊनच दवाखाना गाठा.

दोन-तीन वेळा त्रासाच्या वेळीच मोजून आकडा नॉर्मल आला, तर ग्लुकोजचा डबा बंद करा. रोजच्या साखरेनं वजन वाढेल, चिंता कमी होणार नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या; तिथंही धडधड असते. ते ठीक निघालं तर चिंतेवर इलाज आहे, बोलण्यानंही होतो आणि गोळ्यांनीही. नागपूरच्या मेडिकलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. तिथं जायला संकोच वाटत असेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन लावा. मोफत आहे, रात्री-बेरात्री चालते, मराठीत बोलता येते. जाताना एका कागदावर त्रास किती वाजता झाला, त्याआधी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली आणि मशीनवर किती आकडा आला, एवढं लिहून न्या.