पुस्तकांचे कपाट आणि माजरीची भिंत

जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळे असत. पोथ्या, चोपड्या तिथेच राहत. आजच्या नऊ इंची भिंतीत फडताळ मावत नाही. म्हणून पुस्तकांचे कपाट भिंतीच्या मापाने बनवून तिला लागून छतापर्यंत उभे करतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरी या खाणींच्या गावात आधी भिंत तपासावी. इथली काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि घरांना तडे जातात. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत टाळून आतली निवडावी. तरीही मागे इंचभर हवा खेळू द्यावी आणि तळाला चार इंचांची बैठक द्यावी. फरशी पुसतानाचे पाणी मग फळीला लागत नाही, उधई चढू लागली तर लवकर दिसते. उघड्या कोळसा खाणींची धूळ पुस्तकांच्या कडांवर काळी बसते, त्यामुळे काचेची सरकती दारे इथे गरजेचीच.

खरी चूक होते ती फळीच्या लांबीत. फूटभर फळीवर दाटीने लावलेली पुस्तके साधारण दहा किलो भरतात. पाऊण इंची प्लायची फळी अडीच फुटांपुढे नेऊ नये. त्याच दाटीने भरलेली फळी दुप्पट लांब केली तर सोळापट वाकते; जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्शावर येतो. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी उभी ठोकली की कमी खर्चात बराच भार पेलला जातो. दिखाऊ सनमायकापेक्षा ही पट्टी मोलाची. कादंबऱ्यांना दहा इंच खोली पुरते. दिवाळी अंकांसाठी बारा धरावी.

लाकूड मात्र घरचे आहे. शेजारच्या गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग नावाजलेला, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेले. पण सागाच्या गाभ्यालाच वाळवी सहसा लागत नाही. कडेचा फिकट भाग ती खाते. तो सुताराकडून काढून घ्यावा. मे महिन्यात आकसलेले लाकूड जुलैत फुगते, म्हणून सागाची रुंद फळी खाचेत थोडी सैल बसवावी.

खाणीच्या क्वार्टरमध्ये भिंत फोडता येत नाही आणि बदली ठरलेली. तिथे अडीच फुटी खण वेगवेगळे करून नट-बोल्टने जोडावेत. बदलीच्या वेळी ते खोलून ट्रकमध्ये चढवता येतात.