फोर व्हील गाडी घेताय? मागच्या सीटवरच्या बाईलाही विचारा

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की शेळ्या, शिलाई मशीन, किराणा दुकान यांच्या जोडीला हल्ली एक नवा विषय निघतो. गाडी! तीही साधी नको, फोर व्हील ड्राइव्ह हवी. कुणाचा मुलगा ‘थार’ म्हणतो, कुणाचा ‘जिम्नी’. गोष्ट दहा-पंधरा लाखांची. बऱ्याच घरांत कर्जाच्या कागदावर बाईचीही सही असते, आणि हप्ता थकला की आधी मोडतो तो तिचाच दागिना. म्हणून अशा गाड्या वापरणाऱ्यांशी आम्ही बोललो. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी फोर व्हील म्हणजे काय ते समजून घेऊ. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. ती दोन चिखलात फिरू लागली की गाडी जागच्या जागी रुतते. फोर व्हीलमध्ये ताकद चारही चाकांना जोडता येते. जड रानात दोन बैलांच्या जागी चार बैल जुंपावेत, तसंच हे. थार आणि जिम्नीत त्यासाठी गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा असतो. त्यात ‘फोर एल’ नावाची जागा असते. ती लावली की गाडी अगदी हळू, पण मोठ्या ओढीने चढते, आणि उतारावरही सावकाश उतरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र हे जोडायचं नसतं. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्यामुळे यंत्रणेवर ताण येतो.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. फोर व्हील गाडीला पुढे जायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर फोर व्हीलवालीनेही मागेच फिरायचं.

आता गरज कुणाला? आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. एका टोकाला अकोल्याचा डोंगरी भाग, कळसूबाई, रतनवाडी, घाटघर. तिथे पावसाळ्यात झड लागली की वाडीची कच्ची वाट निसरडी होते, चढही उभे. अशा वाटेवर फोर व्हीलचा खरा उपयोग आहे. दुसऱ्या टोकाला शेवगावची काळी जमीन. तिथला चिकट चिखल टायरच्या खाचांत भरून बसतो. टायर गुळगुळीत झाले असतील, तर चारही चाकं नुसती फिरत राहतात. म्हणून जाणते मालक सांगतात, आधी टायर आणि गाडीची जमिनीपासूनची उंची बघा, मग फोर व्हील.

नगर शहराजवळ व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था लष्कराच्या गाड्या तपासते. तिथेसुद्धा गाडी एकाच रस्त्यावर चालवून पास करत नाहीत, वेगवेगळ्या वाटांवर चालवून पाहतात. आपणही तेच करायचं. दुसऱ्याच्या वाटेवर चांगली ठरलेली गाडी आपल्या वाटेवर चांगली ठरेलच असं नाही.

या दोन गाड्यांचं थोडं पाहू. आताच्या रूपातली थार 2020 मध्ये आली. ती आपल्या शेजारी नाशिकला तयार होते. डिझेल आणि पेट्रोल, दोन्हीत मिळते. पण 2023 पासून तिचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा स्वस्त प्रकारही निघाला आहे. दिसायला दोन्ही सारख्याच. म्हणून घेताना, विशेषतः जुनी घेताना, तो छोटा दांडा आहे का ते बघा. जिम्नी 2023 च्या जूनमध्ये आली. ती फक्त पेट्रोलवर चालते. पाच दारांच्या थार रॉक्सची गोष्ट वेगळी, ती बरीच लांब गाडी आहे.

या दोन्ही छोट्या गाड्यांत माणसं बसतात चारच. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून आत चढावं लागतं. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना ते जमेल का? जिम्नीला मागच्यांसाठी वेगळी दारं आहेत, पण सगळे बसल्यावर मागे सामानाची जागा 208 लिटरच उरते. म्हणजे मोठ्या दोन पिशव्या आणि थोडं काही.

मालकांचं मत ऐकताना एक खूणगाठ बांधा. ज्याने पंधरा लाख मोजलेत, तो आपल्या गाडीला सहसा नावं ठेवत नाही. गाडी चालवणारा म्हणतो, ‘काय चढते!’ मागे बसणारी म्हणते, ‘पाठ धरली.’ दोघंही खरं बोलतात. आखूड आणि उंच गाडीत मागच्याला धक्के जास्त बसतात. म्हणून मत दोघांचंही घ्या.

आता पैशाचं. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे 16,100 रुपये येतो. वर्षाला एक लाख 93 हजार. सात वर्षांत दहाचे साडेतेरा लाख होतात. तेल, विमा, टायर वेगळे. समजा, अवघड वाटेसाठी वर्षात वीस दिवस गाडी लागते आणि दिवसाला 3,000 रुपये भाडं पडतं, तर खर्च होतो 60 हजार. हा हिशेब आपापल्या आकड्यांनी वहीत मांडून पाहा.

‘गाडी भाड्याने लावू, हप्ता निघेल,’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी वापराची असते. भाड्यासाठी पिवळी पाटी आणि परवाना लागतो. पांढऱ्या पाटीवर भाडं मारताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. बाळंतपणासाठी गाडी हवी असेल, तर 102 आणि 108 हे क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत. दारात गाडी असली, तरीही.

तेव्हा मालकाकडे गेलात की हे प्रश्न विचारा. तुमची रोजची वाट कुठली? वर्षातले किती दिवस फोर व्हील जोडता? कंपनीचा ॲव्हरेज सोडा, तुम्हाला किती पडतो? टायर कधी बदलले, किती पैसे गेले? सर्व्हिसला किती लांब जावं लागतं? पुन्हा घ्यायची झाली तर हीच घ्याल का? मग घरात जाऊन ताईंना विचारा, ‘मागे बसून तालुक्याला जाऊन आल्यावर कसं वाटतं?’

अशा तीन घरची उत्तरं वहीत लिहा आणि गटात वाचून दाखवा. सही त्यानंतर करा.