गच्चीवरची अखेरची मैफल

रॉक संगीताचे रसिक ३० जानेवारीला लंडनमधील एका गच्चीचे स्मरण करतात. १९६९ साली याच दिवशी ‘बीटल्स’ या विख्यात चौकडीने सॅव्हिल रो येथील आपल्या कचेरीच्या गच्चीवर सुमारे ४२ मिनिटे गायनवादन केले. गारठा इतका, की ड्रमवादक रिंगो स्टार पत्नीचा लाल रेनकोट चढवून बसला होता! गोंगाटाच्या तक्रारी झाल्या, पोलीस वर आले आणि मैफल आटोपली. पुढे चौघे एकत्र असे जाहीरपणे कधीच वाजले नाहीत.

यावरून गृहस्थाने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. थंडीत कोट कोणाचा, हे पाहू नये. आणि शेजारचे चिरंजीव गच्चीवर गिटार छेडू लागले, तर तक्रारीस निघण्यापूर्वी एक गाणे पुरते ऐकावे. मैफल अखेरची आहे, हे ऐकताना कोणास ठाऊक असते?