खासगी जागेवरील हेलिकॉप्टरचे अवतरण आणि रात्रीचे उड्डाण : नोंदींचा अर्थ व मर्यादा

प्रस्तावना

विमानाला धावपट्टी लागते; हेलिकॉप्टरला मोकळी, सपाट जागा पुरते. शेत, हॉटेलचे हिरवळीचे मैदान किंवा एखाद्या जुन्या वाड्याचे आवार अशा खासगी जागी हेलिकॉप्टर उतरविणे ब्रिटनमध्ये नवलाचे राहिलेले नाही. विमानतळावर उतरलेल्या विमानाची नोंद तेथील यंत्रणाही ठेवते. खासगी जागेवर मात्र अशी यंत्रणा बहुधा नसते. वैमानिक स्वतःच्या नोंदवहीत जे लिहील, तोच त्या अवतरणाचा प्रमुख पुरावा होय. त्यामुळे नोंद कशी करावी हा प्रश्न वरवर कारकुनी वाटला तरी सुरक्षिततेशी त्याचा निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः ब्रिटन व युरोपातील नियमांच्या आधारे केला असून आवश्यक तेथे अमेरिकेतील नियमांशी तुलना केली आहे.

अवतरण एक, मोजण्या अनेक

वैमानिकाच्या नोंदवहीत दिनांक, हेलिकॉप्टरचा प्रकार व नोंदणी क्रमांक, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, वेळा आणि दिवसाची व रात्रीची अवतरणे असे रकाने असतात. पहिली अडचण ठिकाणाच्या रकान्यात येते. विमानतळांना चार अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत असतो, शेताला तो नसतो. उड्डाण आराखड्यात अशा जागेसाठी ‘झेड’ हे अक्षर चार वेळा लिहून तिचे नाव अन्यत्र द्यावे लागते. नोंदवहीत गावाचे नाव आणि नकाशावरील निर्देशांक लिहिणे इष्ट. केवळ ‘खासगी जागा’ एवढेच लिहिलेली नोंद वर्षभरानंतर लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही.

वेळेच्या बाबतीत युरोपीय व्याख्या हेलिकॉप्टरचे वेगळेपण ओळखते. रोटरची पाती फिरू लागल्यापासून हेलिकॉप्टर अखेर स्थिरावून पाती थांबेपर्यंतचा काळ हा उड्डाणकाळ होय. म्हणजे शेतात उतरून, पाती फिरती ठेवून पाहुण्यांना घेतले तर तो वेळही उड्डाणकाळातच मोडतो. अवतरण मात्र एक वाढते.

जमीनमालकाचा हिशेब याहून निराळा असतो. इंग्लंडमधील नगररचना कायद्यानुसार जमिनीचा तात्पुरता अन्य उपयोग एका वर्षात एकूण २८ दिवसांपर्यंत वेगळ्या परवानगीविना करता येतो. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ही मर्यादा काही काळ दुप्पट करण्यात आली होती. इमारतीच्या लगतचे आवार या सवलतीत येत नाही; त्याचा विचार स्वतंत्रपणे होतो. येथे मोजले जातात ते दिवस, अवतरणे नव्हेत. एका दिवसात पाच वेळा उतरले तरी दिवस एकच. अमेरिकेत खासगी जागेच्या अधूनमधून होणाऱ्या वापराची पूर्वसूचना हवाई प्रशासनाला देण्यातून सूट आहे. त्यासाठी जागेचा वापर एक वर्षाहून कमी काळ व केवळ दृश्य नियमांखाली व्हावा, तो आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक नसावा आणि एका दिवसात दहापेक्षा जास्त उड्डाणक्रिया होऊ नयेत अशा अटी आहेत. तात्पर्य, वैमानिकाच्या वहीवरून मालकाचा हिशेब आपोआप निघत नाही. त्या जागेची स्वतंत्र वही ठेवणे श्रेयस्कर ठरते.

रात्र केव्हा सुरू होते?

सूर्य मावळला की रात्र झाली, ही लोकव्यवहारातील समजूत विमानविद्येत चालत नाही. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार सायंकाळचा नागरी संधिप्रकाश संपल्यापासून पहाटेचा संधिप्रकाश सुरू होईपर्यंत रात्र असते. सूर्यबिंबाचा मध्य क्षितिजाखाली सहा अंशांवर गेला की हा संधिप्रकाश संपतो. ब्रिटनच्या हवाई वाहतूक आदेशाने त्याऐवजी सूर्यास्तानंतर अर्धा तास ते सूर्योदयापूर्वी अर्धा तास अशी सुटसुटीत व्याख्या केली. ही सोय अक्षांशावर अवलंबून आहे. विषुवदिनाच्या सुमारास मुंबईत नागरी संधिप्रकाश सुमारे २२ मिनिटे टिकतो, तर लंडनमध्ये सुमारे ३३ मिनिटे. जूनअखेर लंडनमध्ये तो पाऊण तासाहूनही लांबतो.

अमेरिकी नियमांत तर एकाच संध्याकाळी तीन रात्री सुरू होतात. समजा, सूर्यास्त ६.३० वाजता आणि संधिप्रकाशाचा शेवट ६.५७ वाजता आहे. हेलिकॉप्टरचे स्थितिदर्शक दिवे ६.३० पासून लावले पाहिजेत. नोंदवहीतील रात्रीचा उड्डाणकाळ ६.५७ पासून मोजता येतो. परंतु रात्री प्रवासी नेण्यासाठी गेल्या ९० दिवसांत जी तीन उड्डाणे व तीन अवतरणे आवश्यक असतात, ती सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यावरचीच धरली जातात. म्हणून ७.१० वाजता शेतात केलेले अवतरण रात्रीच्या काळात घडूनही या पात्रतेसाठी निरुपयोगी ठरते. हा घोळ वाटतो, परंतु प्रत्येक व्याख्येचा हेतू भिन्न आहे. दिवे इतरांना दिसण्यासाठी असतात. तिसरा निकष पूर्ण अंधारातील सराव पाहतो.

रात्रीची पात्रता

२०११ च्या युरोपीय विनियमानुसार खासगी परवानाधारकाला हेलिकॉप्टर रात्री चालविण्याची पात्रता मिळविण्यापूर्वी, परवान्यानंतरचा १०० तासांचा अनुभव लागतो. त्यांपैकी ६० तास प्रमुख वैमानिक म्हणून असावे लागतात. त्यानंतर प्रशिक्षकासह उपकरणांच्या आधारे १० तास आणि रात्रीचे ५ तास उड्डाण करावे लागते. त्यात एकट्याने पूर्ण केलेल्या पाच फेऱ्या असतात. विमानाच्या वैमानिकाला पूर्वानुभवाची अशी अट नाही. हा भेदभाव सकारण आहे. अवतरणाच्या अखेरीस हेलिकॉप्टरचा वेग कमी होत जातो, तसे ते अधिक अस्थिर होते आणि वैमानिकाची भिस्त बाहेर दिसणाऱ्या खुणांवर वाढते. अंधारात नेमक्या त्याच खुणा हरवतात. डोळा अंधाराला पुरता सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि एका प्रखर दिव्याने तो सराव क्षणात मोडतो.

पात्रता मिळाल्यानंतर रात्री प्रवासी नेण्यासाठी मागील ९० दिवसांत त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरचे किमान एक रात्रीचे उड्डाण व अवतरण पुरते. उपकरण उड्डाणाची पात्रता असेल तर तेही लागत नाही. ते अवतरण दिव्यांनी उजळलेल्या विमानतळावर झाले की झाडांनी वेढलेल्या काळोख्या शेतात, हे नियम विचारीत नाही. नोंदवहीत दोहोंसाठी ‘रात्र – १’ एवढेच उमटते.

नोंदीपलीकडचा अंधार

१३ मार्च २०१४ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील गिलिंगहॅम हॉल या खासगी जागेवरून ऑगस्टावेस्टलँड १३९ जातीच्या हेलिकॉप्टरने रात्री धुक्यात उड्डाण केले. परिसरात वस्तीचे दिवे फारच थोडे होते. काही क्षणांतच त्याचे नाक खाली झुकले आणि ते जमिनीवर आदळले. आतील चारही जण मृत्युमुखी पडले. ब्रिटिश अपघात अन्वेषण शाखेने २०१५ च्या अहवालात एका शारीरिक भ्रमाची शक्यता वर्तविली. बाहेरचे काही दिसत नसताना वेग वाढला की शरीराला नाक वर जात असल्याचा भास होतो आणि वैमानिक ते खाली दाबतो. दोन वैमानिकांनी मिळून काम करण्याच्या पद्धतीचा अभाव व स्वयंचलित नियंत्रणाचा मर्यादित वापर हीही संभाव्य कारणे सांगितली गेली. अहवालातील आणखी एक निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे. इतक्या कमी दृश्यमानतेत व्यावसायिक उड्डाणाला परवानगी मिळाली नसती. खासगी असल्यामुळे हे उड्डाण नियमबाह्य नव्हते.

म्हणजे रकाने नियमानुसार भरलेले असणे आणि त्या जागेवरून त्या रात्री निघणे शहाणपणाचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा अंदाज येण्यासाठी जागा दिवसा पाहिली होती काय, तारा व झाडे कोणत्या बाजूस आहेत, चंद्रप्रकाश होता काय, जमिनीवरील दिवे कोणी व कसे लावले, वारा कोठून होता, हे तपशील उपयोगी पडतात. युरोपीय नमुन्याच्या नोंदवहीत त्यासाठी ‘शेरा’ हा शेवटचा रकाना उपलब्ध आहे. परीक्षा वा पात्रतेसंबंधीच्या ठरावीक नोंदी सोडल्यास त्यात काय लिहावे, हे धारकाच्या इच्छेवर सोपविलेले आहे.